पपनसाचा कडूपणा आणि ज्येष्ठांच्या गोळ्या

गणेशचतुर्थी जवळ आली की बाजारात पपनस दिसू लागते. गोव्याकडच्या कुटुंबांत ते माटोळीला बांधतात, कोकणातल्या घरांत गणपतीपुढच्या फळांत त्याचा मान असतो, आणि माळव्यात वाढलेली आपली मुले त्यालाच चकोतरा म्हणतात. विसर्जनानंतर ते सोलायला बसले की पाकळीवरचे पांढरे पापुद्रे नीट काढावे लागतात, नाहीतर जीभ कडू होते. हा कडूपणा मुख्यतः नारिंजिन या पदार्थाचा.

नारिंजिन हे फ्लॅव्होनॉइड गटातले नैसर्गिक द्रव्य आहे. नाव परके वाटले तरी मूळ घरचेच. संस्कृत ‘नारंग’ फारसी-अरबीतून युरोपात गेला, आणि त्याच नारंगीवरून या द्रव्याचे नाव पडले असे मानतात. त्याच्या रेणूला ग्लुकोज आणि ऱ्हॅम्नोज अशा दोन शर्करा जोडलेल्या असतात. गंमत अशी, की संत्र्यात अगदी याच घटकांचे नारिरुटिन असते, पण त्याला कडू चव नाही. दोन शर्करा एकमेकींना कोणत्या जागी जोडल्या आहेत, एवढाच काय तो फरक! संत्र्याच्या सालीखालच्या पांढऱ्या थरात भरपूर असणारे हेस्पेरिडिनही असेच बेचव. मूळव्याधीवर आणि पायांच्या फुगलेल्या शिरांवर डॉक्टर ज्या गोळ्या देतात, त्यांपैकी काहींत डायोस्मिनबरोबर हेच हेस्पेरिडिन असते.

आता गोळ्यांकडे वळू, कारण खरी काळजी तिथे आहे. पपनस आणि गोड संत्रे यांच्या संकरातून कॅरिबियन बेटांवर ग्रेपफ्रूट तयार झाले. कॅनडातील डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी रक्तदाबावरच्या फेलोडिपिन या औषधाबरोबर मद्य घेतल्यास काय होते ते तपासत होते. मद्याची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि रक्तातले औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाले. दोष मद्याचा नव्हता, रसाचा होता. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात या रसाबरोबर घेतलेले फेलोडिपिन पाण्याबरोबर घेतल्यापेक्षा जवळजवळ तिप्पट प्रमाणात शरीरात पोचले. संत्र्याच्या रसाने तसे झाले नाही.

पहिला संशय नारिंजिनवरच गेला, कारण ते संत्र्यात जवळपास नसते. पण नुसते नारिंजिन देऊन पाहिले तर तेवढा परिणाम दिसेना. मुख्य कारण निघाले फ्युरानोकुमारिन नावाची दुसरी द्रव्ये. आतड्याच्या अस्तरातले एक विकर बरेचसे औषध रक्तात जाण्याआधीच मोडते, आणि डॉक्टर मात्रा ठरवतात ती हे धरूनच. ही द्रव्ये ते विकर निकामी करतात. शरीराला नवे विकर तयार करायला दिवसभर किंवा अधिक वेळ लागतो. म्हणून ‘सकाळी फळ, रात्री गोळी’ ही युक्ती भरवशाची नाही.

फ्युरानोकुमारिन पपनसातही असतात. कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन किंवा अटोर्व्हास्टॅटिन, रक्तदाबासाठी फेलोडिपिन किंवा निफेडिपिन, मूत्रपिंड रोपणानंतर सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस घेणाऱ्यांनी पपनस खाण्याआधी डॉक्टरांना विचारावे. रोपण झालेल्यांनी तर प्रसादाची फोडही विचारल्याशिवाय घेऊ नये. सणासाठी मनाने गोळी बंद करणे हा उपाय मुळीच नव्हे. याच कामासाठी दुसरी औषधे असतात, ज्यांना या फळाची बाधा होत नाही, आणि ती बदलून देणे डॉक्टरांच्या हातात आहे. विचारताना ‘ग्रेपफ्रूटसारखेच फळ’ असे सांगावे, कारण औषधाच्या माहितीपत्रकात बहुधा ग्रेपफ्रूटचेच नाव असते. माटोळीला बांधायला किंवा पूजेत ठेवायला अर्थातच काही अडचण नाही.

नारिंजिन स्वतः मात्र एका ठिकाणी आडवे येते, आणि तेही उलट्या दिशेने. ॲलर्जीवरचे फेक्सोफेनाडिन आतड्यातून आत नेणारी वाहक प्रथिने ते अडवते, त्यामुळे औषध कमी पोचते आणि शिंका चालूच राहतात. या गोळीच्या बाबतीत संत्र्याचा आणि सफरचंदाचा रसही असाच अडथळा करतो, म्हणून ती साध्या पाण्याबरोबरच घ्यावी.

मोसंबीचा रस काढून ठेवला की कडवट होतो, तोही नारिंजिनमुळेच का, असे कुणी विचारील. तो कडूपणा लिमोनिन या वेगळ्याच द्रव्याचा. फळ कापल्यावर ते हळूहळू तयार होते, म्हणून मोसंबीचा रस काढल्या काढल्या प्यावा.