महामार्गाच्या काठचे घर

परभणी शहरातून पाथरीकडे, वसमतकडे, जिंतूरकडे आणि गंगाखेडकडे निघणाऱ्या रस्त्यांच्या दुतर्फा गेल्या दोन पिढ्यांत जी वस्ती उभी राहिली, तिच्या मुळाशी रस्त्याला लागून असलेली जागा म्हणजे भाव चढत जाणारी जागा हा एक दृढ समज आहे. कल्याणहून निघून अहिल्यानगर, पाथरी, मानवत, परभणी, वसमत आणि नांदेड या गावांवरून तेलंगणातील निर्मलकडे जाणारा महामार्ग, पूर्वी ज्याचा क्रमांक २२२ होता आणि आता ६१ आहे, त्याच्या कडेचा भूखंड 'रोडटच' आहे एवढे कळले की गिऱ्हाईक बाकीचे प्रश्न विचारावयाचे विसरते. या समजात तथ्य नाही असे नाही. परंतु रस्ता जे मूल्य निर्माण करतो ते दुकानाचे, गोदामाचे, खानावळीचे असते, आणि त्याच जागेत ज्याने आपली चूल मांडली, मुलांचे अभ्यास आणि म्हाताऱ्यांची दुखणी जेथे काढली, त्याच्या वाट्याला त्या मूल्याची दुसरी बाजू येते.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या काळात ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही रस्त्यावरील वाहतुकीचा रात्रीचा आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा असेच म्हटले आहे. आता दिवाळीनंतर गाळप हंगाम सुरू झाला की उसाने भरलेले ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याकडे जात असतात आणि त्याच सुमारास कापसाच्या गाड्या मानवत व सेलूच्या बाजारपेठांकडे धावू लागतात. त्यांच्या भोंग्यांची आणि चढावर रेटलेल्या इंजिनांची मर्यादा कोण मोजणार? रस्त्यासारख्या लांबच लांब उगमापासूनचे अंतर दुप्पट केले तरी आवाज सुमारे तीनच डेसिबलने उतरतो, म्हणून ओसरीऐवजी माजघरात अंथरूण नेल्याने झोप मिळेल ही आशा बहुधा फोल ठरते. खिडक्या लावून घ्याव्यात तर वैशाखात ते शक्य नाही, कारण पारा ४० अंशांच्या वर असताना बंद घरात माणूस गुदमरतो. उघड्या ठेवाव्यात तर धूळ आणि डिझेलचा धूर थेट स्वयंपाकघरात येतो.

याहून मोठी आणि क्वचितच बोलली जाणारी हानी रस्त्याच्या वाढत्या उंचीने होते. डांबरीकरणाच्या प्रत्येक नूतनीकरणात जुना थर न खरवडता त्यावर २५ ते ५० मिलिमीटरचा नवा थर चढविला जातो, आणि काँक्रीटीकरण झाले तर साधारण ३०० मिलिमीटर जाडीचा पाट व त्याखालचे थर एकदमच वर येतात. ज्या घराचे जोते बांधणाऱ्याने रस्त्यापेक्षा दोन फूट उंच घेतले होते, त्याच्या उंबऱ्याशी काही वर्षांत रस्त्याची पातळी येऊन ठेपते. मग आषाढाचा पाऊस रस्त्यावरून नालीत न जाता अंगणात उतरतो. आणि आपली काळी जमीन पाण्याने फुगणारी व उन्हाळ्यात आकसून भेगाळणारी असल्यामुळे पायाजवळ साचलेल्या पाण्याने भिंतींना तडे जातात. शेजारून जाणाऱ्या अवजड वाहनांचे हादरे त्यांत भर घालतात. हे सारे ग्राहक आधी पाहतो आणि किंमत नंतर विचारतो.

विक्रीची अडचण मात्र भिंतीपेक्षा कागदात अधिक असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे खुल्या, सपाट मुलखातून जाणाऱ्या महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरपर्यंत, म्हणजे इमारत-रेषेपर्यंत, बांधकाम असू नये आणि ७५ मीटरपर्यंतच्या बांधकामावर नियंत्रण असावे. गावठाणात व शहरात ही अंतरे कमी होतात, तरी नियंत्रण राहतेच. मराठवाड्यातील जुन्या घरांची स्थिती अशी, की निजामी अमदानीत बांधलेल्या वाड्याची हद्द शेजाऱ्यांच्या साक्षीने ठरलेली, ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये नुसती लांबी-रुंदी, आणि मोजणीचा नकाशा कुणीच कधी काढलेला नाही. काही जागा इनामी, तर त्यांच्या हस्तांतरणाला वेगळीच परवानगी हवी. असे घर इमारत-रेषेच्या आत येते की बाहेर, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते, आणि बँकेच्या वकिलाने तो प्रश्न विचारताच ठरत आलेला सौदा फिसकटतो.

त्यात रुंदीकरणाची नुसती वार्ता आली तरी घराची विक्री थांबते. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ३-अ खाली संपादनाचा इरादा राजपत्रात प्रसिद्ध झाला की हरकतींना २१ दिवसांची मुदत असते, आणि ३-ड ची घोषणा होताच जमीन सर्व बोज्यांतून मुक्त होऊन केंद्र सरकारकडे निहित होते. जालना-नांदेड द्रुतगती मार्ग आणि नियोजित शक्तिपीठ महामार्ग यांच्या आखणीत परभणी जिल्ह्यातील गावे आल्यापासून ही अनिश्चितता अनेक मौजांत परिचयाची झाली आहे. मोबदला ठरविताना घराच्या उरलेल्या भागाचे नुकसान, तुकडे पडल्याची हानी आणि राहण्याची जागा बदलण्याचा वाजवी खर्च विचारात घ्यावा, असे त्याच कायद्याचे कलम ३-ग सांगते. परंतु ही मागणी सुनावणीत लेखी मांडावी लागते, आणि ती न मांडता केवळ चौरस मीटरचा भाव घेऊन परतणारी कुटुंबे पाहिली की मनाला फार यातना होतात. त्याहून अधिक अन्याय ज्याची वीतभरही जमीन गेली नाही, केवळ आवाज, धूळ आणि उंच झालेला रस्ता ज्याच्या दारी आला, त्याचा होतो. कारण मोबदल्याची सारी व्यवस्था संपादनाशी जोडलेली आहे.

शासनाचे मूल्यांकनही त्याच्याविरुद्ध जाते. वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यांत महामार्गासन्मुख जागेचा दर आतल्या जागेहून चढा धरला जातो, आणि मुद्रांक शुल्क त्या दराने आकारले जाते, मग प्रत्यक्ष खरेदीदार आवाजाला कंटाळून कमी रक्कम देत असला तरी. आयकराच्या कायद्याने हे मूल्य सौद्याच्या रकमेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त भरल्यास विकणाऱ्याचा नफा चढ्या मूल्यावर मोजला जातो आणि घेणाऱ्यावरही फरकाचा कर बसू शकतो. न मिळालेल्या पैशावर कर भरण्याची वेळ या घरमालकावर येते. यावर दोन उपाय कायद्यातच आहेत. पहिला, दस्त करण्यापूर्वी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी अर्ज करून घराची खरी दशा छायाचित्रांसह दाखविणे. दुसरा, कर-निर्धारणाच्या वेळी प्रकरण मूल्यनिर्धारण अधिकाऱ्याकडे पाठविण्याची मागणी करणे. दोन्ही फार थोडे लोक वापरतात.

ज्याला असे घर विकावयाचे आहे त्याने भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी, रस्त्याच्या यंत्रणेकडे अर्ज करून इमारत-रेषेची लेखी माहिती घ्यावी, आणि राहण्यासाठी घर शोधणाऱ्या कुटुंबाऐवजी खाली दुकान, वर वस्ती करणाऱ्या व्यापाऱ्याकडे आधी जावे. मात्र बाह्यवळणाने वाहतूक दुसरीकडे जाण्याचे घाटत असेल तर तेही त्याच्यापासून लपवू नये. आणि रस्ता बांधणाऱ्या यंत्रणेकडून मागावयाचे ते अगदी थोडे आहे: नवा थर देण्यापूर्वी जुना खरवडावा, नाल्या घरांच्या जोत्याखालून वाहतील अशा पातळीवर काढाव्यात, आणि रुंदीकरणात तोडलेली वडा-लिंबांची रांग वस्तीच्या बाजूने पुन्हा लावावी.