विमानातली जागा आणि तिचा आकार

एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची विद्या आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कोणाला शिकवावी लागत नाही. गाडी फलाटाला लागते न लागते तोच टोप्या, पिशव्या, उपरणी आत जाऊन पडतात, आणि मागाहून धनी चढतो. हा रुमाल कोणत्याही कायद्यात बसत नाही, परंतु त्याचा मान सगळे राखतात. विमानाला खिडक्या पुष्कळ असतात. मात्र त्या उघडत नाहीत. तेथे जागा धरण्याचा रुमाल म्हणजे पैसा, अशी समजूत हल्ली सर्वत्र झालेली आहे. ती समजूत अर्धीच खरी आहे, आणि उरलेली अर्धी कोणी व का पसरविली हे पाहण्याजोगे आहे.

आपल्या जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. तरीही विमानाने जाणारे लोक आपल्यात आता थोडे राहिलेले नाहीत. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहकर या बाजूची मंडळी छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर जातात. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा टप्पा खुला झाल्यापासून नागपूरही जवळ आले. मलकापूरकरांना जळगाव सोयीचे पडते. कोणाचा मुलगा बंगळूरला नोकरीस असतो, कोणाला दिल्लीच्या इस्पितळात दाखवायचे असते. आम्ही स्वतः जातो ते संघटनेच्या बैठकींना, आणि ते तिकीट कामगारांच्या वर्गणीतून निघते. दहा-वीस रुपयांची वर्गणी मोजून घेतलेल्या पैशातून जागेच्या निवडीसाठी तीनशे-चारशे रुपये द्यायचे म्हटले की हात आखडतो. या विषयाच्या मागे आम्ही लागलो तो त्यामुळे.

प्रथम थोडा इतिहास. आपल्या देशात स्वस्त विमानाची कल्पना कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने २००३ साली आणली. त्या विमानांत आरंभी जागांचे क्रमांकच देत नसत. जो आधी चढेल तो हवी तेथे बसेल, म्हणजे थेट आपला एस.टी.चा न्याय, फक्त रुमालाऐवजी पाय पळत. परदेशातही हाच प्रकार होता. इझीजेटने तो २०१२ साली बंद केला, रायनएअरने २०१४ साली, आणि अमेरिकेतल्या साउथवेस्ट या जुन्या कंपनीने, जिने अर्धशतकाहून अधिक काळ मोकळी बैठक चालविली, तिनेही २०२६ च्या जानेवारीत ती सोडली. धावपळ थांबली हे बरे झाले. परंतु क्रमांक आले तसे क्रमांकांना भाव आले. पूर्वी जी गोष्ट पायांच्या चपळाईवर मिळे, ती खिशाच्या जाडीवर मिळू लागली.

हे कसे घडले हे कामगाराला समजावून सांगणे सोपे आहे. पगाराची चिठ्ठी डोळ्यांपुढे आणावी. मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता असे तिचे तुकडे असतात. मालक मूळ वेतन लहान ठेवतो आणि भत्त्यांची रांग लावतो, का, हे आमच्या श्रोत्यांना ठाऊक आहे. विमान कंपनीने तिकिटाची अशीच चिठ्ठी केली आहे. मूळ भाडे लहान दाखवावयाचे, म्हणजे जाहिरातीत ते शोभते. नंतर जागेची निवड, खाणे, जादा सामान, आधी चढण्याचा मान असे एकेक तुकडे वेगळे विकावयाचे. सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने या तुकडे-विक्रीला परवानगी दिलेली आहे, परंतु एक अट घालून: प्रवाशाने स्वतः होकार दिला तरच हा आकार घ्यावा, न विचारता गळ्यात बांधू नये. ही अट हीच आपली सगळी भिस्त आहे. पसंतीची जागा ही विकत घ्यावयाची वस्तू असेल, पण जागा ही तिकिटातच आलेली आहे. ज्याने तिकीट काढले त्याला कंपनीने कोठे तरी बसविलेच पाहिजे, उभ्याने कोणी नेत नाही.

कंपन्या ही रेषा पुसट करू पाहतात. २०१८ च्या नोव्हेंबरात इंडिगोने जाहीर केले की घरबसल्या संगणकावरून हजेरी लावणाऱ्यास, ज्याला वेब चेक-इन म्हणतात, सर्वच जागांचा आकार पडेल. ज्याला तो द्यावयाचा नसेल त्याने विमानतळावर यावे. लोकांत ओरड झाली, मंत्रालयाने आम्ही हे तपासतो म्हणून सांगितले. पुढे २०२० च्या मे महिन्यात, साथीनंतर विमाने पुन्हा सुरू झाली तेव्हा वेब चेक-इन सक्तीचे झाले, आणि मग काही कंपन्या उलट विमानतळाच्या खिडकीवर बोर्डिंग पास मागणाऱ्याकडून पैसे घेऊ लागल्या. म्हणजे घरी हजेरी लावा तर जागेचे पैसे, खिडकीवर लावा तर कागदाचे पैसे! अखेर २०२२ च्या जुलैत मंत्रालयाने बजावले की खिडकीवर बोर्डिंग पास देण्याबद्दल वेगळा आकार घेता येणार नाही. तो दरवाजा लोकांनी आरडाओरड केली म्हणून उघडा राहिला, हे विसरू नये.

आता व्यवहार. तिकीट काढताना नाव-गाव भरून झाले की विमानाचा नकाशा पुढे येतो आणि रंगीबेरंगी खुर्च्या दिसतात. पुष्कळांना वाटते की येथे एक खुर्ची निवडल्याशिवाय तिकीट पुरे होणार नाही. तसे नाही. त्या पानावर ‘वगळा’ किंवा ‘पुढे चला’ अशा अर्थाचा शब्द कोपऱ्यात, बारीक टाइपात असतो; तो शोधावा. त्यानंतर बहुधा एक खिडकी उघडते आणि विचारते की आपण आपल्या माणसांपासून दूर बसण्याचा धोका पत्करता काय? येथेच बहुतेक लोक घाबरतात. कंपनी खुर्ची विकते त्याहून अधिक ही भीती विकते, असे आमचे स्पष्ट मत आहे. गावातल्या दुकानातून तिकीट काढून घेत असाल तर दुकानदारास आधीच सांगावे, की जागा नको, विमा नको, खाणे नको. आणि पैसे देण्यापूर्वी तपशील वाचून दाखव म्हणावे. पगाराची चिठ्ठी वाचतो तशीच ही वाचावी.

सगळ्या कुटुंबाची तिकिटे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच सहा अक्षरी क्रमांकावर काढावीत. याला एक आडवी बाजू आहे, तीही सांगतो. एका विमानातल्या सर्व जागा एकाच भावाने विकल्या जात नाहीत. समजा, स्वस्त भावाच्या दोनच उरल्या आहेत आणि तुम्ही चार एकदम मागितल्या, तर यंत्र बहुधा चारही तिकिटे वरच्या भावाने लावते. दोन-दोन अशी वेगळी काढल्यास पहिली दोन स्वस्त पडतात. मोठी, धडधाकट माणसे असतील तर असे खुशाल करावे. बरोबर मूल असेल तर मात्र करू नये. कारण २०२४ च्या एप्रिलमध्ये महासंचालनालयाने कंपन्यांना सांगितले आहे की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आई, बाप अथवा पालक यांपैकी निदान एकाजवळ जागा द्यावी, आणि तशी नोंद ठेवावी. नुसत्या मुलाला शेजारी बसविण्यासाठी पैसे मोजणाऱ्या आया आम्ही पाहिल्या आहेत. त्यांना हे कोणी सांगितलेले नव्हते.

देशातल्या उड्डाणांसाठी वेब चेक-इन बहुतेक कंपन्यांकडे ४८ तास आधी उघडते आणि सुटण्याच्या तासभर आधी बंद होते. पुन्हा तोच नकाशा येतो. त्यात काही खुर्च्यांवर शून्य रुपये लिहिलेले असते. त्या सामान्यतः मधल्या किंवा मागच्या असतात. ४८ तास पुरे होताच जो बसेल त्याला त्यांतली निवड अधिक. सर्वांची हजेरी एकाच वेळी लावावी, एकेकट्याने नव्हे. काहीच निवडले नाही तरी यंत्र आपण होऊन जागा देते, आणि ती सोय ठेवावी असेही त्या परिपत्रकात म्हटले आहे.

काही अनुभवी प्रवासी उलटे करतात: शेवटपर्यंत थांबतात. त्यांचा हिशेब असा, की यंत्र फुकट्या प्रवाशांना आधी नको असलेल्या मधल्या खुर्च्या वाटते आणि विकाऊ खुर्च्या राखून ठेवते. विमान भरत आले की उशिरा येणाऱ्यास राखलेली पुढची जागाही फुकट द्यावी लागते. हिशेब चुकीचा नाही. पण विमान भरून अधिक तिकिटे विकली गेली असतील, तर मागे राहण्याची पाळीही उशिरा येणाऱ्यावरच प्रथम येते. एकट्या तरुणाने हा जुगार खेळावा, म्हाताऱ्या माणसांनी नाही.

सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे लवकर जाऊन खिडकीवर विचारणे. सुटण्याच्या दोन तास आधी पोचावे आणि सरळ मराठीत किंवा हिंदीत म्हणावे: “आईचे गुडघे दुखतात, कडेची जागा असली तर द्या.” असली तर पुष्कळदा मिळते. खिडकीमागची मुलगी कंपनीची मालक नसते. पुष्कळदा ती कंत्राटी असते, पहाटे तीनला घरून निघालेली असते आणि आकाराचे दर तिने ठरविलेले नसतात. तिच्यावर आवाज चढवून काही निष्पन्न होत नाही. परिपत्रकाची आठवण शांतपणे द्यावी, अडलेच तर वरच्या अधिकाऱ्यास बोलवा म्हणावे. आणखी एक: पुढे बसायला मिळावे म्हणून धडधाकट माणसाने चाकांची खुर्ची मागू नये. ती ढकलणारा मजूर एकच असतो, आणि खऱ्या पांगळ्या माणसाची पाळी मागे पडते.

विमानात चढल्यावर जागा बदलावीशी वाटली तर दारे बंद होईपर्यंत थांबावे आणि सेविकेला विचारून बदलावी. विमान लहान व अर्धे रिकामे असेल तर माणसांच्या वजनाचा तोल राखावा लागतो, म्हणून आपल्या मनाने उठून जाणे बरे नव्हे. मंगळवार-बुधवारच्या दुपारच्या विमानांत रिकाम्या खुर्च्या अधिक सापडतात असा आमचा अनुभव आहे. संकटकाळच्या दाराजवळ पाय पसरण्यास ऐसपैस जागा असते, पण तेथे लहान मुले, गर्भवती व अशक्त माणसे बसू देत नाहीत, आणि पैसे देऊनही देत नाहीत.

येथे थोडे थांबून एस.टी.ची आठवण करावीशी वाटते. तिच्या खिडक्यांवर रंगवलेले असते: महिला, अपंग, स्वातंत्र्यसैनिक. आमदारांचीही जागा असते, तो भाग सोडून द्या. शेगाव किंवा मलकापूरहून रेल्वेचे तिकीट काढले तर साठीचा पुरुष आणि पंचेचाळिशीची स्त्री यांना, शिल्लक असेल तोवर, खालचा बाक मिळावा अशी यंत्राची व्यवस्था आहे. त्याचा जादा पैसा नाही. म्हणजे सार्वजनिक गाडीत चांगली जागा गरजेप्रमाणे वाटली जाते, निदान तसा नियम आहे. विमानात ती ऐपतीप्रमाणे विकली जाते. २०२४ च्या जानेवारीत इंडिगोने पहिल्या रांगेतल्या काही खुर्च्यांचा आकार दोन हजार रुपयांपर्यंत नेला. कंपन्यांचे म्हणणे असे की हौशी माणूस जादा देतो म्हणून साध्या माणसाचे भाडे उतरते. पहिल्या रांगेपुरते ते आम्ही मान्य करू. परंतु गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला कडेची जागा ही हौस नव्हे. लहान मुलाची गरज नियमात शिरली तशी तिचीही शिरली पाहिजे, आणि ती मागणी ग्राहक संघटनांनी, प्रवासी संघांनी, आम्हीही करावयाची आहे. ते होईपर्यंत वरचे उपाय आहेतच.

आता चांगली जागा म्हणजे कोणती, हेही सांगून टाकू, कारण मिळालेली जागा वाईट समजून लोक उगाच पैसे भरतात. नेहमीच्या मोठ्या विमानात एका रांगेत तीन-तीन अशा सहा खुर्च्या असतात. ए डावीकडची खिडकी, एफ उजवीकडची, सी आणि डी कडेच्या. पंखाजवळ हेलकावे कमी लागतात, शेपटीकडे अधिक. तेव्हा ज्याला मळमळते त्याने पुढच्या महागड्या रांगा सोडून पंखाजवळची मागावी, मात्र तेथून खालचे दृश्य पंखाआड जाते. शेवटच्या रांगेची पाठ बहुधा मागे जात नाही आणि संडास शेजारी येतो. जळगावसारख्या लहान विमानतळांवर पंख्याची विमाने येतात. त्यांना दोन-दोन खुर्च्यांच्या रांगा असतात, म्हणून मधली खुर्चीच नसते. पंख छपरावर असल्याने जवळजवळ प्रत्येक खिडकीतून जमीन दिसते. आणि प्रवाशांचे दार मागे असल्यामुळे मागच्या रांगेतला माणूस आधी उतरतो. तेथे पुढच्या जागेसाठी पैसे देणे म्हणजे एस.टी.त आधी चढून मागच्या बाकाचे जादा भाडे देण्यासारखे आहे.

उन्हाचेही पाहावे. सकाळी मुंबईहून दिल्लीस निघाला तर सूर्य उजवीकडे असतो, म्हणून डावी खिडकी, म्हणजे ए, मागावी. संध्याकाळच्या विमानात उजवी. परतताना हे उलटे धरावे.