गवतात पाणी किती? घोटीचा माळ बघा फोनवर

आमच्या घोटीत जुलैमध्ये कपडे वाळत नाहीत, इतका पाऊस. तरी मार्चमध्ये इथल्याच डोंगरउतारांवर वणवे लागतात. गेल्या उन्हाळ्यात मामांनी राखलेला गवताचा पट्टा एका दुपारी जळाला, गुरांची वैरण गेली. तेव्हापासून मी फोनवर गवतातलं पाणी बघायला लागलो.

आधी हिशोब. समजा 100 ग्रॅम ओलं गवत पूर्ण वाळून 40 ग्रॅम उरलं. पाणी होतं 60 ग्रॅम. ते वाळलेल्या वजनाशी मोजतात, म्हणून 60 भागिले 40, म्हणजे 150 टक्के. आकडा शंभरावर गेला तर घाबरू नका!

हे पाणी मुळांतून येतं. माती सुकत जाते तसे तिचे कण उरलेलं पाणी घट्ट धरून ठेवतात, मुळांना ते ओढता येत नाही. पान आपली छिद्रं मिटून घेतं, पुढे पिवळं पडतं. उतारावर मुरमावर जेमतेम वीतभर माती, ती लवकर कोरडी होते. भातखाचराच्या बांधावरचं गवत त्यामानाने जास्त दिवस हिरवं राहतं. पण खरी गंमत पुढेच आहे. गवत एकदा मेलं की जमिनीतल्या ओलीशी त्याचं नातं तुटतं, मग ते हवेतला दमटपणा घेतं. पहाटे दवाने मऊ, दुपारी दोनला कुरकुरीत. मामांचा पट्टा दुपारीच का पेटला, आलं लक्षात?

आता फोन काढा. कोपर्निकस ब्राउझर उघडा, फुकट आहे. घोटी शोधा, सेंटिनेल-2 निवडून ‘मॉइश्चर इंडेक्स’ लेयर लावा. सुमारे 1610 नॅनोमीटरचा इन्फ्रारेड प्रकाश पानातलं पाणी शोषतं, त्यामुळे ओलं पान त्यात गडद दिसतं. नकाशावर निळं म्हणजे ओलं, लाल म्हणजे कोरडं. ऑक्टोबरअखेरचं आणि मार्चचं चित्र आलटून पालटून बघा, उतार लाल होत गेलेले दिसतील.

मर्यादा आहेतच. एक ठिपका 20 मीटरचा, म्हणजे बांध आणि खाचर एकातच मिसळतं. ढग आले की काहीच दिसत नाही. शिवाय हे झाडातलं पाणी, मातीतलं नाही. मातीसाठी 2015 पासून नासाचा स्मॅप आहे, पण तो वरचे 5 सेंटीमीटरच जाणतो आणि त्याच्या एका ठिपक्यात अख्खं घोटी मावेल. 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसारचं रडार ढगांतूनही बघतं.

यंदा मामांना नकाशा दाखवला. त्यांनी गवताची काडी चुरगाळली, म्हणाले, “हे मला हाताला कळतं रे.” मग थोड्या वेळाने, “त्या पलीकडच्या डोंगराचं दाखव बरं.”