पाण्याचा हिशेब (भाग 6) : कालव्याकाठची वसाहत

गेल्या आठवड्यात आपण वीर धरणापासून नीरा डाव्या कालव्याने बारामतीपर्यंत आलो. आता या कालव्याकाठी 50 हजार वस्तीची नवी वसाहत उभी करायची आहे, असे धरू. घरे, दुकाने, शाळा, दवाखाना, दोन-चार कारखाने, सगळे एकाच आवारात. कालवा कुंपणाला लागून जातो, त्यामुळे जाहिरातीत 'मुबलक पाणी' छापायला बिल्डर मोकळा.

पण कालवा आवर्तनाने सुटतो आणि माणसाला तहान रोज लागते. बारामती शहरालाही म्हणूनच साठवण तलाव लागतात. आपल्या वसाहतीला केवढे तळे लागेल? शहरी पुरवठ्याचा रूढ दर माणशी रोज 135 लिटर. म्हणजे रोजचे साडेसदुसष्ट लाख लिटर. गळती धरून 78 लाख. दोन आवर्तनांच्या मधे 45 दिवस गेले, तर साठा हवा 35 कोटी लिटरचा. 5 मीटर खोल तळे केले तरी सतरा एकरांहून जास्त जमीन नुसती पाण्याखाली जाते. वर बारामतीचे ऊन! उन्हाळ्यात दिवसाला 8 मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर तेवढ्या काळात अडीच कोटी लिटर उडून जाते. गावाचे तीन दिवसांचे पाणी ते. खाली मुरूम लागला आणि तळाशी प्लॅस्टिकचा कागद अंथरला नसेल, तर आणखी किती झिरपेल ते वेगळेच. सतरा एकर विकाऊ जमीन तळ्याला सोडायची म्हटल्यावर बिल्डरचा चेहरा कसा होत असेल, ते सांगायला नको.

तरीही पाणी आणणे हा सोपा भाग. अवघड आहे ते पाणी काढून देणे, आणि हा धडा नीरेच्या खोऱ्याने शंभर वर्षांपूर्वीच घेतला आहे. कालवा 1885 च्या सुमारास सुरू झाला. तो उंचावरून चालतो, नदी खाली, मधे काळी रानं. उसाला मनसोक्त पाणी दिले गेले, भूजल वर आले, उन्हाने पाणी उडाले आणि क्षार वर राहिले. शेतीशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान आणि ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींवर 1910 मध्ये अहवालच लिहिला. उपाय तेव्हाही तोच होता: चर खणा, निचरा करा.

आणि अशी वसाहतही इथे नवी नाही: इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर याच पट्ट्यातले. कळंबच्या रानात 1930 च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना काढला आणि भोवती शेती, यंत्रशाळा, कामगारांची घरे, शाळा अशी अख्खी नगरीच वसवली. आज ज्याला संमिश्र वसाहत म्हणून ब्रोशर छापतात, ते इथे केव्हाच झाले होते.

आपल्या वसाहतीत पुरवलेल्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के सांडपाणी होऊन परत येते. रोज 54 लाख लिटर. ते प्रक्रिया न करता शेजारच्या ओढ्यात सोडले, तर पहिली तक्रार येईल खालच्या विहिरवाल्याची. विहिरींचे नाते इथे फार नाजूक आहे. कालव्याच्या अस्तरीकरणाला बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तो झिरप्यावर विहिरी जगतात म्हणून. अभियंत्याच्या वहीत जी गळती, ती शेतकऱ्याच्या विहिरीत आवक. माझ्या मते दोघांचेही खरे आहे, आणि म्हणूनच हा वाद नुसत्या काँक्रीटने मिटणारा नाही.

काळ्या मातीत नळ टाकतानाही काळजी हवी. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढी भेगाळते. नळाचे सांधे उखळतात. म्हणून चरात आधी वाळू किंवा बारीक मुरमाची गादी, मग नळ, आणि बाजूलाही मुरूमच. खर्च वाचवायला खणलेली काळीच परत लोटली, की चार पावसाळ्यांत रस्ता खोदायची वेळ येते.

पावसाचे म्हणाल तर हा अवर्षणप्रवण भाग. पण मे 2025 च्या अतिवृष्टीत पिंपळी-लिमटेकजवळ हाच कालवा फुटला. कमी पावसाचा प्रदेश म्हणून ओढे बुजवून प्लॉट पाडणाऱ्यांनी ते पाणी कुठून कसे धावले, ते जाऊन पाहावे.

तेव्हा अशा वसाहतीत घर घेणार असाल, तर जलतरण तलाव नंतर बघा. आधी मंजूर नकाशा मागवा आणि त्यावर साठवण तळे, सांडपाणी केंद्र आणि मूळचा ओढा या तीन जागांवर बोट ठेवून दाखवायला सांगा. पुढच्या आठवड्यात सांडपाणी केंद्राच्या आत जाऊ.