चोडणला कयाक घेऊन जाताय? आधी भरती बघा

मांडवीत चोडणच्या खारफुटीत गाइडबरोबर कयाकिंगला येणाऱ्या मंडळींनो, निघायची वेळ पाणी ठरवतं. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते. त्यामुळे गेल्या रविवारी ज्या वेळी भरती होती, त्याच वेळी या रविवारी जवळजवळ ओहोटी सापडते! ओहोटीत आतल्या फाट्यात राहिलात तर कयाक चिखलावर बसते. ढकलायला खाली उतरू नका, पाय रुततात.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ओढ जास्त, अष्टमीच्या भांगाला कमी. पहिल्यांदा येणाऱ्यांनी भांगाचेच दिवस धरावेत.

पाण्यात खुंट किंवा बोये दिसले की समजा, खाली आमची जाळी आहेत. लांबून वळसा घाला. वल्हं अडकलंच तर ओढू नका, गाइडला हाक मारा. एक जाळं फाटलं की आमची दिवसाची कमाई जाते.