कागदावरचा शिक्का : कातकरी आणि कायदा

कातकरी कोण? खैराचे लाकूड तासून, ढलप्या उकळून काथ काढणारे म्हणून काथोडी किंवा कातकरी. महाराष्ट्रातील जव्हार-मोखाडा भागात वारली, महादेव कोळी, कोकणा, ठाकूर यांच्या शेजारी वस्ती.

कायद्याचे टप्पे
- १८७१ : गुन्हेगार जमाती कायदा. गुन्हा सिद्ध होण्याआधीच अख्खी जमात संशयित. नोंदवहीत नाव, पोलिसांपुढे हजेरी, गाव सोडायला परवाना. कातकऱ्यांवरही हा शिक्का बसला.
- १८७८ : वन कायदा. राखीव जंगलात परवानगीविना खैरावर कोयता चालवणे गुन्हा.
- ३१ ऑगस्ट १९५२ : गुन्हेगार जमाती कायदा रद्द. हा दिवस ‘विमुक्त दिन’.
- १९७६ : वेठबिगारी कायद्याने बंद.
- २००६ : वनहक्क कायदा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसलेल्या वनजमिनीवर आदिवासींना हक्क, कमाल ४ हेक्टर.

आजचा दर्जा : महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिवासी गट तीन : कातकरी, कोलाम, माडिया गोंड.

कातकऱ्यांवरच्या अन्यायाबद्दल बोलताना या दोन शब्दांतला फरक लक्षात घ्या
- भेदभाव : जन्म किंवा जमात पाहून हक्क नाकारणे.
- वंशसंहार : राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेले कृत्य. संयुक्त राष्ट्रांचा करार ९ डिसेंबर १९४८. भारताची मान्यता १९५९. सामूहिक हत्येबरोबरच जन्म रोखणे, मुले बळाने दुसऱ्या गटाकडे सोपवणे हेही त्यात मोडते.