एकोणपन्नाशीनंतरचा एचआयव्ही

१५ ते ४९. एचआयव्हीचे प्रमाण सांगताना देशभर हाच वयोगट धरला जातो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या ('नॅको') २०२३ च्या अंदाजानुसार या गटात ते ०.२० टक्के आहे. सगळ्या वयांचे मिळून देशात २५ लाखांहून अधिक बाधित आहेत. त्यांपैकी सुमारे ३.९ लाख महाराष्ट्रात, म्हणजे इतर कोणत्याही राज्यापेक्षा जास्त.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणही एचआयव्हीचे प्रश्न स्त्रियांना ४९ पर्यंत आणि पुरुषांना ५४ पर्यंतच विचारते. साठीच्या आजी-आजोबांना या आजाराची किती माहिती आहे, हे त्यात कुणी विचारतच नाही.

ज्येष्ठांना असे वगळणे सांगलीत चालणार नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २८.२२ लाख होती. राज्यातील साठीपुढच्यांचे ९.९ टक्के प्रमाण इथे लावले, तरी ही माणसे पावणेतीन लाखांच्या वर जातात. शतक बदलताना सांगली राज्यातील सर्वाधिक बाधित जिल्ह्यांत गणली जात होती. 'संग्राम' संस्थेने १९९२ पासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांसोबत इथे काम उभे केले. तेव्हा ट्रकवर असलेली, गलाईसाठी (सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी) परमुलखात गेलेली आणि गावात राहून संसार सांभाळणारी पिढी आता उतारवयात आहे.

एचआयव्हीच्या दृष्टीने या पिढीत दोन गट आहेत. पहिला उपचारांमुळे जगलेल्यांचा. १ एप्रिल २००४ ला सरकारने एचआयव्हीवरची औषधे, म्हणजे एआरटी, मोफत देणे सुरू केले. त्या वेळी पस्तिशीत असलेला रुग्ण २०२५ मध्ये ५६ वर्षांचा झाला. आता त्याला शुगर-बीपीच्या गोळ्याही लागतात. एआरटीतील डॉल्युटेग्राविर या औषधामुळे मेटफॉर्मिन या शुगरच्या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते, म्हणून शुगरच्या डॉक्टरांना एआरटी चालू असल्याचे सांगायलाच हवे.

दुसरा गट अधिक काळजीचा: कधीच तपासणी न झालेल्यांचा. बहुतेक बायकांची एचआयव्ही तपासणी गरोदरपणात होते. आज साठीत असलेल्यांची बाळंतपणे ती सोय येण्याआधीच आटोपली. पाळी गेली की दिवस राहण्याची भीती जाते आणि निरोधही सुटतो. संसर्गाचा धोका मात्र तसाच राहतो. वजन घटणे, वारंवार ताप, नागीण, टीबी या तक्रारी 'वय झालं' म्हणून सोडून दिल्या जातात. उतारवयात प्रतिकारशक्ती लवकर ढासळते आणि औषधांनंतरही सावकाश भरून येते. म्हणून इथे उशीर जास्त महागात पडतो.

सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व तपासणी केंद्रात (आयसीटीसी) तपासणी मोफत होते. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमती आणि गोपनीयता बंधनकारक केली आहे. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे. नियमित गोळ्यांनी रक्तातील विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

ज्येष्ठांच्या प्रत्येक आरोग्य शिबिरात शुगर-बीपीसोबत एचआयव्ही तपासणीचीही विचारणा व्हावी, आणि डॉक्टरांनी ती वय न पाहता करावी.